औषधाला दाद न देणारे जंत

ऑक्टोबरमधली सकाळ. आटपाडी तालुक्यातल्या एका वस्तीवर बाभळीखाली एक उस्मानाबादी शेळी मरून पडली होती. काळीभोर, दुसऱ्या वेताची, खाली दोन करडं. आदल्या संध्याकाळी चरून आली, पाणी प्यायली आणि सकाळी उठलीच नाही. शेळीच्या मालकीण आक्का मला म्हणाल्या, "म्याडम, जंताचं औषिद दोन येळा पाजलंय हिला. आखाडात एकदा, घटाच्या आदी एकदा. लेंड्या बगा की, कशा टणक हायत. जंत असते तर ढाळ लागली नसती व्हय?"

मी शेळी उघडली. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला चौथा म्हणजे खरं पोट, माणसाच्या जठरासारखं. तो कप्पा कापून सोबतच्या पांढऱ्या ट्रेमध्ये उलटा केला. आतलं पाणी गढूळ, तपकिरी. त्यात थोडं स्वच्छ पाणी ओतून ट्रे हलवला आणि मग ते दिसले. केसासारखे बारीक, पाऊण ते एक इंच लांब, शेकड्यांनी. काही अजून वळवळत होते. एक चिमट्याने उचलून उन्हात धरला. लाल आणि पांढरा दोरा एकत्र पिळावा तसा दिसत होता. लाल म्हणजे त्याच्या आतड्यात भरलेलं शेळीचं रक्त, आणि त्याभोवती वेढे घेतलेला पांढरा दोरा म्हणजे मादीची अंड्यांनी भरलेली नळी.

आक्का वाकून बघत होत्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "दोन येळा पाजूनबी?"

या प्रश्नाचं उत्तर त्या बाभळीखाली दोन वाक्यांत देता येईना. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात शेळी म्हणजे घरातल्या बाईची बँक. मुलांची फी, दवाखाना, सोसायटीचा हप्ता, सगळं एका बोकडावर निघतं. त्यामुळे हा प्रश्न फक्त जंतांचा उरत नाही.

या जंताचं शास्त्रीय नाव हिमॉन्कस कंटॉर्टस. तो चौथ्या पोटाच्या अस्तराला चावा घेतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो. ऐकायला काहीच वाटत नाही. पण पोटात हजार जंत असले तर रोजचे ५० मिली, म्हणजे कटिंग चहाचा ग्लास भरत आला. तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन लिटर. आता हिशोब तुम्हीच करा.

आणि लेंडी टणक का? कारण हा जंत आतड्यात गडबड करत नाही, वरच्या वर रक्त ओढतो. ढाळ लावणारे जंत वेगळे. बऱ्याचदा लोक लेंडीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले की घाबरतात आणि लगेच औषध आणतात. ते चपट्या पट्टीच्या जंताचे तुकडे. मोठ्या शेळीला त्यांचा फारसा त्रास होत नाही. डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची भीती जास्त आणि जीव घेणारा मात्र लेंडीत कधी दिसतच नाही, कारण त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात. दिसतं ते त्याने केलेलं नुकसान. डोळ्याच्या आतली कड पांढुरकी पडते, शेळी कळपाच्या मागे रेंगाळते, हनुवटीखाली पाणी उतरतं. रक्तातली प्रथिनं गेली की अंगातलं पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, ते खाली पाझरतं. दिवसभर मान खाली घालून चरलेल्या शेळीची ही सूज संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी दिसते. त्यामुळे सकाळी बघणाऱ्याच्या ती नजरेतून सुटते.

एक मादी दिवसाला पाच हजारांच्या पुढे अंडी घालू शकते. ती लेंडीतून रानात पडतात. ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अंड्यातली अळी तयार होते, दवाच्या ओलीतून गवताच्या पात्यावर चढते आणि शेळीच्या तोंडी जाते. पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत ती स्वतः अंडी घालायला लागते. म्हणजे महिन्याभरात एक पिढी. या वेगावर पुढचं सगळं अवलंबून आहे, हे लक्षात ठेवा.

आता या अळीची एक अडचण बघा. तिच्या अंगावर एक खोळ असते, त्यामुळे तिला बाहेर काही खाता येत नाही. शिदोरी संपेपर्यंतच ती जगते. ऊन जितकं कडक तितकी शिदोरी लवकर संपते. आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे, तर माण-खटावात ५०० च्या आसपास, तोही बराचसा परतीचा. एप्रिल-मेच्या तापलेल्या माळावर या अळ्या टिकत नाहीत. दुष्काळाने आपल्या माणसांचं फार वाटोळं केलं, पण एक काम तो गुपचूप करत होता. दरवर्षी माळ धुऊन निघाल्यासारखा साफ व्हायचा.

आता टेंभू योजनेचं पाणी आटपाडीत आलं, उरमोडी धरणाचं माणमध्ये आलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण उन्हाळ्यातही हिरवा राहणारा पाटाचा कड, बांधावरचं ओलं गवत, मेथीघासाचा वाफा या अळीलाही मानवतात. जिथे पूर्वी चार महिन्यांचा जंत होता तिथे आता बारमाही जंत होऊ शकतो. मग माणूस काय करतो? औषध जास्त वेळा पाजतो.

इथून मूळ विषय सुरू होतो.

शेळ्यांना आपण जी औषधं पाजतो, त्यांची नावं शंभर असली तरी मुख्य गट मोजकेच आहेत. पांढरं दुधासारखं अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल हा एक गट. लेव्हामिसोल दुसरा. आयव्हरमेक्टिन तिसरा. रक्त पिणाऱ्या जंतांवर चालणारं क्लोसँटेल चौथा. प्रत्येक गट जंताला वेगळ्या ठिकाणी पकडतो. अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. या प्रथिनाचे धागे विणून पेशी आपला सांगाडा उभा करते. औषध चिकटलं की विणकाम थांबतं, जंताला अन्न घेता येत नाही, तो मरतो.

काही जंतांत मात्र या प्रथिनात जन्मतःच बारीकसा फरक असतो. बहुतेकदा साखळीतल्या दोनशेव्या जागेवरचा एकच मणी वेगळा. जूच्या भोकाचा आकार जरासा बदलला तर शिवळ बसेल का? तसंच. औषध येतं, पण त्याला बसायला जागा नसते. हा फरक औषधाने निर्माण केलेला नाही. असंख्य जंतांत तो एखाद्यात आधीपासून होता. औषधाने फक्त बाकीच्यांना मारून त्याला मोकळं रान दिलं.

समजा, शेळीच्या पोटात हजार जंत आहेत आणि त्यातले दहा असे हट्टी. औषध पाजलं, ९९० मेले. शेळी टवटवीत झाली, आपण खूश. पण उरलेल्या दहांना आता जोडीला दुसरं कुणी नाही, ते आपापसातच जुळतात. त्यातल्या पाच माद्या रोज पंचवीस हजार अंडी माळावर टाकतात आणि ती जवळजवळ सगळी हट्ट्यांचीच. वर्षातून चार-पाच वेळा हेच केलं की काही वर्षांत हट्टी दहाच्या जागी नऊशे होतात. औषध तेच, मापही तेच, पण शेळी मरते. एकदा हे झालं की ते औषध दोन-चार वर्षं बंद ठेवूनही फारसा फरक पडत नाही, जंताच्या पुढच्या पिढ्यांत तो बदल टिकून राहतो.

हे आपल्याकडेच घडतंय असं नाही. या पांढऱ्या गटातलं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, १९६१ साली बाजारात आलं आणि १९६४ मध्येच त्याला दाद न देणारे जंत सापडल्याची नोंद झाली. आयव्हरमेक्टिन हे तर एवढं मोठं औषध की त्याच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी कँपबेल आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं. तेही १९८१ मध्ये आलं आणि त्याच दशकात काही जंतांवर निकामी ठरलं. २००९ साली न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हा अगदी नवा गट विकायला आला. चार वर्षांत तिथल्याच एका फार्मवर तो हरल्याची नोंद आहे, आणि तो फार्म शेळ्यांचा होता.

शेळ्याच का? शेळीचं यकृत औषध मेंढीपेक्षा फार लवकर मोडून बाहेर टाकतं. बाटलीवरचं माप बहुतेक वेळा मेंढीवर ठरवलेलं. ते शेळीला दिलं की औषध पोटात अर्धवट ताकदीने, अर्धवट वेळ राहतं. साधे जंत मरतात, अर्धे-हट्टी वाचतात. म्हणून जगभर शेळीला अल्बेंडाझोल मेंढीच्या दुप्पट आणि लेव्हामिसोल दीडपट सुचवतात. पण लेव्हामिसोल दीडपटीच्या वर गेलं तर विषबाधा, क्लोसँटेल जास्त झालं तर शेळी आंधळी, आणि गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नकोच. त्यामुळे माप हे तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. दुकानातल्या पोराकडून नको, शेजाऱ्याकडून नको.

दुसरं कारण शेळीच्या स्वभावात आहे. ती मुळात शेंडा खाणारी. बोर, बाभूळ, हिवर, मागचे दोन पाय टेकवून वरचा पाला. अळ्या राहतात जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात. त्यामुळे हजारो वर्षं शेळीचा या जंताशी संबंध कमी आला आणि तिचं शरीर त्याच्याशी झुंजायला मेंढीइतकं तयार झालं नाही. आपण झुडपं तोडली, तिला बांधावरच्या गवतावर आणलं, आणि ती जंताच्या ताटात जेवायला बसली.

आता आपल्या हातून काय होतं ते बोलू, आणि यात मी स्वतःलाही धरते. वजनाचा अंदाज नजरेने घेतो. चाळीस किलोच्या शेळीला तीसचं माप जातं. सगळ्यांना सरासरी दहा मिली, मोठीला आणि लहानीला सारखंच. दुसरी चूक म्हणजे औषध बदललं असं समजणं. आक्कांनी मला दोन्ही बाटल्या आणून दाखवल्या. आखाडातली हिरव्या लेबलची, घटाच्या आधीची निळ्या लेबलची. एकीत अल्बेंडाझोल, दुसरीत फेनबेंडाझोल. कंपनी वेगळी, नाव वेगळं, किंमत वेगळी, पण गट एकच. ज्या जंताला पहिलं लागू पडलं नाही त्याला दुसरंही पडणार नव्हतं. तासगावचा द्राक्ष बागायतदार डाऊनी रोगावर फवारताना औषधाचा गट बघतो, एकच गट सारखा मारत नाही. तीच नजर शेळीच्या बाटलीकडे हवी. मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो तो वाचा. वाचता येत नसेल तर नातवाला वाचायला सांगा.

पण सगळ्यात मोठी चूक मेमध्ये होते. पावसाआधी अख्ख्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजायचं, एकही शेळी सोडायची नाही. मीही कित्येक वर्षं हाच सल्ला देत आले. आता मेमधला आपला माळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर अळ्या नाहीत, उन्हाने जळाल्या. जे जंत जिवंत आहेत ते सगळे शेळ्यांच्या पोटात. त्या दिवशी सगळ्यांना औषध दिलं तर गावाच्या त्या माळापुरते फक्त हट्टी जंत उरतात. मग मृगाचा पाऊस पडतो, कोवळं गवत उगवतं, आणि त्या स्वच्छ गवतावर पहिली पेरणी होते ती निव्वळ हट्ट्यांच्या अंड्यांची. जिथे वर्षभर ओल असते तिथे बाहेर राहिलेल्या साध्या अळ्या या हट्ट्यांत मिसळून त्यांचं प्रमाण पातळ करतात. आपल्या कोरड्या पट्ट्यात ती सोय नाही. म्हणून हे नुकसान माण-आटपाडीत जास्त लवकर होतं.

मग काही साधे जंत मुद्दाम जिवंत ठेवायचे? हो, अगदी तेच म्हणायचं आहे. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. बीटी कपाशी लावणाऱ्यांना आठवत असेल, पाकिटासोबत साध्या कपाशीचं छोटं पाकीट यायचं, कडेने लावायला. बोंडअळीतल्या साध्या अळ्या तिथे जगाव्यात आणि हट्ट्यांशी जुळून त्यांचा जोर मोडावा यासाठी ते होतं. कळपात ते काम न पाजलेल्या धडधाकट शेळ्या करतात. त्यांच्या पोटातले जंत औषधाला दाद देणारे राहतात आणि त्यांची अंडी माळावर बहुसंख्य राहतात.

यात शेळीचा बळी द्यायचा नसतो, कारण जंत सगळ्या शेळ्यांत सारखे वाटलेले नसतात. साधारण वीस-तीस टक्के शेळ्यांच्या पोटात कळपातले सत्तर-ऐंशी टक्के जंत असतात. त्या शेळ्या शोधल्या, त्यांना पुरेपूर मापाने पाजलं, की बाकीच्यांना सोडता येतं. त्या शोधायच्या कशा, याचं उत्तर दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दिलं. फाफा मालान या पशुवैद्यकाच्या नावावरून त्याला 'फामाचा' (FAMACHA) तक्ता म्हणतात. डोळ्याच्या आतल्या कडेचा रंग, लालभडकपासून कागदासारख्या पांढऱ्यापर्यंत, पाच पायऱ्यांत.

आक्कांच्या उरलेल्या अठरा शेळ्या आम्ही त्याच दिवशी बघितल्या. शेळी उन्हाकडे तोंड करून धरायची. एका अंगठ्याने वरची पापणी खाली ओढून डोळा झाकायचा आणि बुबुळ हलकं आत दाबायचं. तसं दाबून ठेवूनच दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढली की आतली ओली कड क्षणभर बाहेर उमलते. तोच क्षण बघायचा. वेळ लावला तर रंग बदलतो. दोन्ही डोळे बघायचे आणि जो फिका असेल तो धरायचा. पाचव्या-सहाव्या शेळीपासून आक्काच मला सांगायला लागल्या, "ही जास्वंदीवानी हाय. ही गुलाबी. आन् ही बगा, चुन्यावानी." अठरातल्या चार चुन्यासारख्या निघाल्या. त्या चार आणि व्यायला टेकलेली एक फिकट गुलाबी, अशा पाच जणींना वेगळ्या गटाचं औषध, प्रत्येकीचं वजन ताणकाट्यावर घेऊन, जिभेच्या मागे हळूहळू सोडून पाजलं. तेरा जणींना काहीच दिलं नाही. आक्कांना त्या रात्री झोप लागली नसेल, हे मला माहीत आहे.

तक्ता मूळचाच वापरा. मोबाईलवरच्या फोटोत आणि झेरॉक्समध्ये रंग फसवतात. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी डोळे बघा, उन्हाळ्यात महिन्याने चालतं. चुन्यासारखी कड दिसली की थांबायचं नाही. करडं, गाभण आणि नुकत्या व्यालेल्या शेळ्यांना मधल्या पायरीवरच पाजा, त्यांना वाट बघायला लावू नका. आणि गोचिडांनी, यकृतातल्या पर्णकृमींनीही डोळे पांढरे पडतात. कोयना-पाटणकडच्या ओल्या भागात हे विशेष ध्यानात ठेवा.

औषध लागू पडतंय का, हे तपासायला लेंडी लागते. पाजण्याआधी आठ-दहा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या, जमिनीवरच्या उचलू नका. दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांच्या पुन्हा घ्या. दोन्ही वेळी एका ग्रॅममधली अंडी मोजतात. घट ९५ टक्क्यांहून कमी आली तर त्या गटाचा हात सुटायला लागला आहे. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात याबद्दल विचारा. पाच जणांनी मिळून नमुने नेले तर एका फेरीत काम होतं.

बाजारातून आणलेली शेळी हा तर मागच्या दाराने येणारा धोका. ती दुसऱ्याच्या कळपातले हट्टी जंत पोटात घेऊन येते. तिला दोन वेगळ्या गटांची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने देऊन दोन दिवस कोरड्या जागी बांधा, दोन आठवड्यांनी लेंडी तपासा, मगच कळपात सोडा.

ऑस्ट्रेलियात या जंतावर मेंढ्यांसाठी लस २०१४ मध्ये आली, जंताच्याच आतड्यातल्या प्रथिनांची. तिची वाट बघत बसण्यापेक्षा आपल्या हातातलं एक साधन मोठं आहे, ते म्हणजे वंश. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या दलदलीत वाढलेल्या गॅरोल मेंढीचा दख्खनी मेंढीशी संकर केला. जुळ्या कोकरांसाठीच तो जास्त ओळखला जातो, पण गॅरोल रक्ताच्या कोकरांत जंतांची अंडी कमी आढळली हेही तिथेच दिसलं. जंत पेलण्याची ताकद आईबापाकडून येते. शेळीतही.

म्हणून आम्ही आक्कांकडे एक साधी खूण सुरू केली. ज्या शेळीला पाजावं लागेल तिच्या गळ्यातल्या दोरीला एक गाठ. गेल्या दिवाळीला मी गेले तेव्हा सात शेळ्यांच्या दोरीला एकही गाठ नव्हती. एकीच्या दोरीला चार होत्या. ती त्यांची सगळ्यात दुधाळ शेळी, दर वेताला जुळी देणारी. आक्का तिच्या पाठीवर हात फिरवत बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हिला न्हाई इकायची, म्याडम. पर बोकूड हिचा न्हाई ठेवायचा." आणि बिनगाठीच्या एका शेळीचं तीन महिन्यांचं करडू दाव्याला धरून त्यांनी माझ्यापुढे आणलं, खालच्या पापणीला अंगठा लावूनच.